मुशीत टाकण्याआधी

पहाटे ५.४०
विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळते. झवेरी बाजारात चांदी आटवायची, टंच काढायचा, हे माझं काम. पाचेक मिनिटांत नालासोपारा येतं. स्टेशनच्या पश्चिमेला सोपाऱ्याचा स्तूप. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकलला, तेव्हा आतल्या अवशेषांसोबत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं. मला मात्र इथे हटकून उषवदात आठवतो, नहपान क्षत्रपाचा जावई. नाशिकच्या लेण्यांतल्या त्याच्या लेखांत शूर्पारकाला, म्हणजे या सोपाऱ्यालाही, दिलेली दानं आहेत. सोन्याच्या एका सुवर्णाला चांदीचे ३५ कार्षापण, हा भावही तिथे कोरलाय. चांदीचा भाव दगडात लिहून ठेवणारा माणूस मला आपल्याच पेठेतला वाटतो.

९.३०
भट्टी पेटली. मूस, चिमटे, टाकणखार जागेवर.

१०.१५
मोडीची पहिली पिशवी. पैंजण, करंडे, तुटके छल्ले. मी पिशवी सरळ मुशीत ओतत नाही, फडक्यावर पसरतो. एकेक डाग उलटून पाहतो. यात वेळ जातो, त्यावरून बोलणीही खाल्लीत, पण मी सोडलेलं नाही. कारण माझ्याच धंद्यातल्या हातांनी रोमचे सम्राट आटवलेत. नहपानाच्या नाण्यांची चांदी बरीचशी देनारियस ही रोमन चांदीची नाणी वितळवून आली, असं अनेक अभ्यासक मानतात. देनारियस भडोचच्या बंदरात उतरत आणि इथल्या नाण्यांशी बदलताना फायदा होई, असं ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलंय. त्यातच सोपारा आणि कल्याणही आहेत.

१.३०
डबा.

४.००
“काका, हे रोमन आहे म्हणतायत.” दुकानातला नवा पोरगा एका गिऱ्हाइकाचं नाणं घेऊन आला.
“भिंग लाव. कडेला काय दिसतं?”
“रेघ आहे. सगळीकडून.”
“साच्याचा सांधा तो. ओतीव आहे. खरं नाणं ठशाखाली हातोड्याने पाडलेलं असतं.”
मग त्याला टंच समजावला. इसवी सन ६४ मध्ये नीरोने देनारियसचं वजनही घटवलं आणि कसही. भारतात सापडलेल्या देनारियसच्या साठ्यांत त्याच्या आधीच्या ऑगस्टस आणि टायबेरियसचाच भरणा आहे. आपल्या सराफांना हिणकस चांदी तेव्हाही कळत होती, असं मी त्याला सांगितलं. पोरगा पुन्हा भिंगाला चिकटला.

रात्री ९.३०
जेवण झालं की टेबलावर मखमल. माझ्याकडे दोनच जुनी नाणी, दोन्ही रीतसर पावतीची. टायबेरियस ३.७ ग्रॅम, मागे हातात फांदी घेऊन बसलेली स्त्री. नहपान २ ग्रॅमला जरा कमी, मागे बाण आणि वज्र, चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरांत लिहिलेली प्राकृत. एक टायबेरियस आटवला तर जवळजवळ दोन नहपान पडतील. काट्यावर हे पाहताना दरवेळी अंगावर शहारा येतो.

माझ्या नहपानावर दुसरा ठसाही आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,०००हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं उमटवलीत. जिंकलेली चांदी त्याने भट्टीत घातली नाही, होत्या त्या नाण्यांवरच घाव घातला. भिंग जरा तिरकं धरलं, की त्याच्या चैत्याच्या कमानींखाली नहपानाचं नाक अजून दिसतं.