अको आणि भाईंदर : मीठ पिकवण्याच्या दोन रीती

वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. समुद्रकाठी दोन गावे आहेत. पहिल्या गावी वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर दुसऱ्या गावी साधारण ११०० ते १२०० मिलिमीटर. नुसत्या उन्हावर मीठ कोणत्या गावी पिकेल? बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या गावाचे नाव घेतील. प्रत्यक्षात मात्र उलट घडले. पहिले गाव म्हणजे आमचे भाईंदर आणि दुसरे म्हणजे जपानच्या ह्योगो प्रांतातील अको हे लहानसे शहर.

आधी भाईंदरची रीत पाहू. पावसाळा सरला की मिठागराचे बांध दुरुस्त होतात आणि वाफ्यांची चिकणमाती तुडवून, चोपून घट्ट केली जाते. मग भरतीचे पाणी उघाडीतून आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात असे फिरवतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी २७ ग्रॅमच्या आसपास आपले खायचे मीठ. पाणी आटून निम्मे होईतो चुन्याचा क्षार खाली बसू लागतो, नंतर जिप्सम. मूळ पाण्याचा साधारण दहावा भाग उरला की मगच मिठाचे स्फटिक दिसू लागतात. एवढे आटायला कित्येक आठवड्यांचे अखंड ऊन लागते. आपल्याकडे ते मिळते, कारण आपला सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत आभाळ जवळजवळ कोरडे असते. या आगरांवरूनच आगरी समाजाचे नाव पडले.

आता अको. ओकायामा येथे कामानिमित्त गेलो असता आम्ही एक दिवस या शहरासाठी राखून ठेवला. ओकायामाहून साध्या गाडीने सव्वा तासात बान्शू-अको स्थानक येते. जपानी प्रवासी येथे मुख्यतः ४७ सामुराईंच्या कथेसाठी येतात. धन्याचा सूड घेणारे हे सामुराई अकोच्याच असानो घराण्याच्या पदरी होते. याच घराण्यातील असानो नागानाओ १६४५ मध्ये येथे आला. त्याने किल्ला बांधला आणि मिठागरांचाही विस्तार केला. आम्ही किल्ला पाहून समुद्राकडे वळलो. तेथे एका उद्यानात जुन्या पद्धतीची मिठागरे पुन्हा रचून ठेवली आहेत.

अकोला पाऊस आपल्या निम्माच आहे, पण तो वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. दहा सेंटिमीटर खोल द्रावणावर पाच सेंटिमीटर पाऊस पडला, तर त्याची तीव्रता लगेच दोन तृतीयांशावर येते आणि पंधरवड्याची मेहनत वाया जाते. सलग आठवडे कोरडे मिळणार नाहीत, पण सलग दोन-तीन दिवस मिळतील. तेवढ्यात काम साधायचे कसे?

अकोच्या लोकांनी हे काम वाळूवर सोपवले. त्यांच्या मिठागराची पातळी भरती आणि ओहोटीच्या मध्ये ठेवलेली असे. भरतीचे पाणी चरांतून आत येई आणि वाळूत मुरे. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे ते केशाकर्षणाने वर चढे. असंख्य कणांच्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाई आणि कणांवर मिठाचा पातळ थर राही. ही वाळू दाताळ्याने ओढून गोळा करीत आणि गाळणीसारख्या हौदात घालून वरून समुद्राचेच पाणी ओतीत. खाली येई ते तीव्र द्रावण. ते कढईत आटवले की मीठ.

आटवायचेच होते, तर समुद्राचे पाणी सरळ चुलीवर का नाही ठेवायचे? हिशोब करू. एक किलो मिठासाठी सुमारे ३७ लिटर समुद्राचे पाणी आटवावे लागेल. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोजूल उष्णता लागते. एक किलो सुके लाकूड अंदाजे १५,००० किलोजूल देते. म्हणजे उष्णता जराही वाया गेली नाही असे धरले, तरी किलोभर मिठाला पाच किलोहून अधिक लाकूड हवे. द्रावण आधीच सातपट तीव्र केले, तर पाऊण ते एक किलोत भागते. केशाकर्षणाने अकोचे जंगल वाचवले, असे म्हटले तरी चालेल.

१९५० नंतरच्या दशकात वाळूची जागा बांबूच्या डहाळ्यांच्या उंच मांडवांनी घेतली. डहाळ्यांवरून ठिबकणारे पाणी वाऱ्याने आटे. पुढे आयन निवडून घेणारी पटले आली. विजेच्या साहाय्याने सोडिअम आणि क्लोराइड आयन पटलांतून पलीकडे ओढून तीव्र द्रावण कारखान्यातच मिळू लागले. १९७२ पर्यंत जपानमधील जुनी मिठागरे जवळजवळ सगळी बंद झाली. साडेतीनशे वर्षांची ही विद्या आज अकोला मुलांना उद्यानात दाखवावी लागते.

आपल्याकडे ती अजून उद्यानात गेलेली नाही. मात्र मीरा-भाईंदरची बरीच मिठागरे पडीक आहेत आणि आजूबाजूची वस्ती त्यांना येऊन भिडली आहे. बांध कसा राखावा, पाणी कधी सोडावे हे ज्यांना हाताने येते, ती माणसे वयस्क होत आहेत. किनाऱ्याजवळच्या शाळांनी अशा एखाद्या जाणत्याला वर्गात बोलवावे आणि त्याचे म्हणणे मुलांकडून लिहून घ्यावे.

इतर शाळांना वर्गातच एक प्रयोग करता येईल. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. दोन सारख्या पसरट ताटल्यांत हे पाणी सारखे ओता. एका ताटलीत बारीक धुतलेली वाळू अशी भरा की ती पाण्याच्या किंचित वर राहील. दोन्ही उन्हात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वजन करून नोंदवा. पांढरा थर आधी कोठे दिसतो आणि पाणी कोणत्या ताटलीतून लवकर कमी होते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच शोधू द्यावे. मग हाच प्रयोग जुलैत करून पाहावा आणि दोन्ही तक्ते शेजारी लावावेत. पाऊस किती पडतो याच्याइतकेच तो केव्हा पडतो हेही महत्त्वाचे, हे त्या तक्त्यांवरून कळेल.