हेवी मेटल गीतांचा अर्थ लावताना

लोकगीत, पोवाडा, लावणी आणि चित्रपटगीत यांचा संहिता म्हणून विचार करण्याची आपणांस सवय आहे. प्रस्तुत घटकात तीच दृष्टी अभ्यासक्रमात सहसा न येणाऱ्या एका गीतप्रकाराला लावून पाहू. आपणांपैकी अनेकजण नोकरी आणि संसार सांभाळून शिकत आहात. काहींची मुले महाविद्यालयात असतील. घाटकोपरच्या वा बोरिवलीच्या घरात मुलाच्या मोबाइलवर मृत्यू, नरक, रक्त असे शब्द असलेले गीत दिसले, की पालक दचकतात. 'याच्या मनात चालले आहे तरी काय?' या प्रश्नामागे एक गृहीतक असते. गीतातला 'मी' म्हणजे ते लिहिणारा, आणि पर्यायाने ते ऐकणाराही, असे आपण न बोलता धरून चालतो. हे गृहीतक कितपत टिकते, ते तपासू.

हा गीतप्रकार मुंबईला नवा नाही. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला आणि उपनगरांतील मुले लोकलने तेथे जाऊ लागली. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील कार्यक्रम पुढे थांबले. जुहूचे 'रॅझबेरी ऱ्हायनोसरस' आणि नंतर अंधेरीचे 'बी ६९' ही या संगीताची उपनगरांतील ठिकाणे होती. 'डेमॉनिक रेझरेक्शन' हे वाद्यवृंदपथक २००० साली मुंबईतच सुरू झाले. त्याच्या नावाचा अर्थ 'आसुरी पुनरुत्थान' असा होतो. नावावरून निष्कर्ष काढणाऱ्यास येथेच थांबावेसे वाटेल. आपण थोडे पुढे जाऊ.

मेटल गायनात अनेकदा घशातून काढलेला गुरगुरता, खर्जातील आवाज वापरतात. त्यात शब्द सहज कळत नाहीत. त्यामुळे श्रोत्याला संहिता वेगळी मिळवून वाचावी लागते. आवाज हा येथे मुखवटा आहे. मालवणी मुलखातील दशावतार आपण पाहिला असेल. नसेल, तर कांदिवली-भांडुपकडील कोकणी शेजाऱ्यास विचारा. आडदशावतारात काळ्या वेषातील शंखासुर येतो, आरडाओरडा करतो, प्रेक्षकांची टिंगल करतो आणि अखेर विष्णूकडून मारला जातो. शंखासुराचे सोंग घेणारा गावकरी असुर आहे, असे पहिल्या रांगेतले लहान मूलही मानत नाही. भय वाटते आणि त्याच वेळी गंमतही वाटते. भरतमुनींनी रौद्र, भयानक आणि बीभत्स यांना रसांत स्थान दिले, ते उगाच नव्हे.

मराठी कवितेलाही या गैरसमजाची झळ लागलेली आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून त्यांची निर्दोष मुक्तता झाली. कवितेतील प्रतिमा आणि कवीचे वर्तन यांत अंतर असते, हे तेव्हा न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन सांगावे लागले.

अमेरिकेत अशाच एका प्रकरणाला अतिशय दुःखद पार्श्वभूमी होती. ऑझी ऑसबॉर्न यांच्या १९८० च्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' या संग्रहात 'सुसाइड सोल्यूशन' नावाचे गीत आहे. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका १९ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. गीताने त्यास प्रवृत्त केले, असा दावा पालकांनी केला. न्यायालयांनी तो फेटाळला. पालकांच्या दुःखाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपला विषय शीर्षकातील एका शब्दाचा आहे. इंग्रजीत 'सोल्यूशन' म्हणजे समस्येवरचे उत्तर, तसेच द्रावण. दुसरा अर्थ घेतला, की गीत मद्याविषयीचे ठरते. आपल्या परिभाषेत हा शुद्ध श्लेष आहे. श्लेष निसटला आणि संपूर्ण अर्थ उलटा झाला.

मग कवीलाच विचारावे, असे कोणी म्हणेल. ऑसबॉर्न यांनी हे गीत मद्यामुळे मरण पावलेल्या बॉन स्कॉट या गायकाविषयी असल्याचे सांगितले. शब्द प्रामुख्याने लिहिणारे बॉब डेझली यांच्या मते ते स्वतः ऑसबॉर्न यांच्या मद्यपानाविषयी आहे. गायकाने ज्यात दुसऱ्याला पाहिले, त्यात गीतकाराने गायकालाच पाहिले होते! कर्त्याचा हेतू हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

आता पुन्हा मुंबईत येऊ. 'डेमॉनिक रेझरेक्शन'ने २०१७ मध्ये 'दशावतार' हा इंग्रजी गीतांचा संग्रह काढला. मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गीते आहेत. आसुरी नाव धारण केलेले पथक विष्णूची कथा गाते, हा विरोधाभास रंजक आहे. पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे स्थान नववे आहे. तेथे बुद्ध आहे. जयदेवाच्या 'गीतगोविंदा'तील क्रमातही बुद्ध नववाच येतो. म्हणजे पथकाने परंपरेतील एक प्रचलित क्रम घेतला आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात या प्रतिज्ञांसह वाढलेला श्रोता आणि मुलुंडमध्ये दशावताराची चित्रे पाहत वाढलेला श्रोता हे एकच गीत ऐकतील, तेव्हा पहिला शब्द कानी पडण्यापूर्वीच, केवळ अनुक्रमणिकेतून, त्यांच्यापुढे दोन वेगळे अर्थ उभे राहतील. पहिल्याला ते आपल्या शास्त्याचे दुसऱ्याच्या कथेत केलेले विलीनीकरण वाटू शकेल; दुसऱ्याला त्यात खटकण्याजोगे काही आढळणारही नाही. यांपैकी कोणालाही 'तुला संगीत कळत नाही' असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. पथकाचा हेतू अनादराचा नसला, तरीही हा प्रश्न उरतोच.

स्वयं-अध्ययनासाठी आपल्या घरातील तरुण मुलामुलीकडून एक मेटल गीत मागून घ्या. प्रथम ते न ऐकता केवळ वाचा आणि बोलणारा कोण, तो कोणाशी बोलतो आहे, कोणत्या शब्दाला दुसरा अर्थ आहे, याची टिपणे काढा. नंतर ते ज्याने दिले त्याच्यासोबत बसून ऐका. त्याला कोणती ओळ आवडते आणि का, हे विचारा. त्याचे उत्तर आपल्या टिपणाशेजारी, न बदलता, त्याच्याच शब्दांत लिहा.