सहीचा कागद
(सत्ता आणि शब्द : लेखांक सहावा)

१४ फेब्रुवारी १९६१ रोजी मॉस्कोतल्या एका लेखकाच्या घरी सोविएत गुप्त पोलीस आले. लेखकाला त्यांनी अटक केली नाही. त्याच्या कादंबरीच्या टाइप केलेल्या प्रती, कच्चे खर्डे, कार्बन कागद आणि टाइपरायटरच्या रिबिनी मात्र ते उचलून घेऊन गेले. मासिकांच्या कचेऱ्यांत दिलेल्या प्रतीही जप्त झाल्या. लेखक होता वासिली ग्रॉसमन आणि कादंबरी ‘जीवन आणि नियती’. गेल्या लेखांकात पाहिलेलं झाम्यातिनच्या कादंबरीतलं काचेच्या घरांचं राज्य कल्पनेतलं होतं. रिबिनी जप्त करणारं हे राज्य खरं होतं. माणसाला मोकळं सोडून त्याच्या रिबिनी उचलाव्यात, असं या कादंबरीत होतं तरी काय?

त्याआधी एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. मराठीत आपण ‘हुकूमशाही’ हा एकच शब्द लष्करशहापासून स्टालिनपर्यंत सगळ्यांना लावतो, रागाच्या भरात सोसायटीच्या चेअरमनलाही लावतो. पण साध्या हुकूमशहाला लोक गप्प हवे असतात. कर भरा, मुजरा करा, मग घरात बसून त्याच्या नावानं बोटं मोडलीत तरी त्याची झोप उडत नाही. सर्वंकष सत्तेचं एवढ्यानं भागत नाही. गप्प बसलेला माणूसच तिला संशयास्पद वाटतो. तिला होकार लागतो, आणि तो तुमच्या हस्ताक्षरात लागतो. ग्रॉसमनची कादंबरी स्टालिनग्राडच्या लढाईची म्हणून ओळखली जाते, आणि ते खरंही आहे. पण माझ्या वाचनात तिचा गाभा या होकाराची शवचिकित्सा हा आहे.

कादंबरीतला व्हिक्टर श्ट्रूम हा ज्यू पदार्थशास्त्रज्ञ पाहा. त्याच्या संशोधनाला परकी विचारांचा वास येतो, अशी ओरड संस्थेत सुरू होते. त्यानं सभेत येऊन चूक कबूल करावी, एवढीच अपेक्षा असते. तो कबुलीचा मसुदा लिहितोही, पण ऐनवेळी सभेला जात नाही. मग मित्र दुरावतात, टेलिफोन मुका होतो, आणि दाराशी गाडी थांबली की छातीत धस्स होतं. तरी या दिवसांत तो आतून विलक्षण हलका झालेला असतो. आणि एके दिवशी फोन वाजतो. पलीकडे खुद्द स्टालिन. चार शब्द बोलून तो कामाला शुभेच्छा देतो. (असे फोन खरोखर येत, १९३४ मध्ये कवी पास्तरनाकला आला होता.) रातोरात सगळं पालटतं. काल तोंड फिरवणारे आज हात हातात घेऊन हलवतात. काही दिवसांनी वरिष्ठ अगदी आपुलकीनं एक कागद पुढे करतात. परदेशी वृत्तपत्रांच्या टीकेला शास्त्रज्ञांचं उत्तर, आणि त्यात निरपराध डॉक्टरांवरच्या खुनाच्या आरोपाला दुजोरा. धमकी कोणी देत नाही. उलट सगळे इतके प्रेमानं वागत असतात की नाही म्हणणं असभ्यपणाचं वाटावं. भीतीपुढे न वाकलेला श्ट्रूम या मायेपुढे वाकतो आणि सही करतो. सर्वंकष राजवटींवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण छळाच्या वर्णनात रमलेल्या बहुतेक लेखकांच्या नजरेतून हे सुटलं: एकटा पडलेला माणूस स्वतःजवळ असतो, पुन्हा कळपात घेतलेल्या माणसाला आता गमावण्यासारखं काहीतरी असतं.

यावर पहिला आक्षेप लेखकावरच येतो. जानेवारी १९५३ मध्ये ज्यू डॉक्टरांवर सोविएत नेत्यांच्या हत्येच्या कटाचा आरोप ठेवला गेला, तेव्हा त्यांना कठोर शिक्षेची मागणी करणाऱ्या पत्रावर स्वतः ग्रॉसमननं सही केली होती. मार्चमध्ये स्टालिन मेला, एप्रिलमध्ये डॉक्टर सुटले, पत्र छापलंच गेलं नाही. पण सही ती सहीच. मग त्यानं दुसऱ्यांना स्वातंत्र्याचे धडे का द्यावेत? आक्षेप खरा आहे आणि नेमका म्हणूनच तो कादंबरीला बळ देतो. १९३८ मध्ये पत्नीला अटक झाली तेव्हा याच माणसानं पोलीसप्रमुख येझॉव्हला पत्र लिहून तिला सोडवलं होतं. म्हणजे हात भित्र्याचा नव्हता. त्याच हाताकडून पंधरा वर्षांनी सही कशी झाली, याचा हिशेब त्यानं कादंबरीत मांडला, आणि स्वतःला सूट दिली नाही. सही केल्यावर श्ट्रूमला आठवते ती आई. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून तिनं त्याला शेवटचं पत्र लिहिलेलं असतं. ग्रॉसमनची आईही सप्टेंबर १९४१ मध्ये बेर्दिचेव्हच्या हत्याकांडात मारली गेली होती.

दुसरा आक्षेप असा की निष्ठेच्या सह्या कोणतं सरकार मागत नाही? मागतं. पण फरक कुठे पडतो ते आपल्याच अनुभवावरून तपासता येईल. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याविषयी बोलल्या. त्या वेळी यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटकही झाली. ते दमनच होतं, त्याला सौम्य ठरवण्याचं कारण नाही. तरी बोलायला व्यासपीठ उरलं होतं, ऐकायला सभा उरली होती, आणि गप्प राहणाऱ्याला गप्प राहता येत होतं. स्टालिनच्या रशियात ही शेवटची सोयसुद्धा नव्हती. ज्या समाजात न बोलण्याचा हक्क शाबूत आहे, तिथे वाट बंद झालेली नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. याच पोलादी व्यवस्थेनं हिटलरला हरवलं. शिस्तीशिवाय स्टालिनग्राड टिकलं असतं का? ग्रॉसमन या लढाईत युद्धवार्ताहर होता, त्यामुळे त्याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. कादंबरीत क्रमांक ६/१चं एक घर आहे. शत्रूच्या वेढ्यात सापडलेले तिथले सैनिक ग्रेकॉव्हच्या हाताखाली लढतात आणि मनात येईल ते मोकळेपणानं बोलतात. वर अहवाल पाठवायचा नाही की घोषणा नाहीत. तिथे पक्षाची शिस्त आणायला पाठवलेला क्रिमॉव्ह शेवटी ग्रेकॉव्हविरुद्ध तक्रार लिहितो. ग्रेकॉव्ह आणि त्याची माणसं तोवर लढत मेलेली असतात. पुढे क्रिमॉव्ह स्वतः लुब्यांकाच्या तुरुंगात पोचतो. ग्रॉसमनचं म्हणणं असं दिसतं की लढाई त्या घरानं जिंकली, आणि विजय अहवाल लिहिणाऱ्यांनी आपल्या नावावर लावून घेतला. एका कादंबरीनं युद्धाची कारणमीमांसा सिद्ध होत नाही, हे मान्य. रणगाड्यांचे कारखाने घोषणांनीच नव्हे तर सक्तीनंही चालले होते, हेही मान्य. पण सक्तीमुळेच माणसं मरायला तयार झाली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर आहे.

जप्तीनंतर ग्रॉसमननं सोविएत नेते ख्रुश्चॉव्ह यांना पत्र लिहून पुस्तकाची सुटका मागितली. १९६२ मध्ये पक्षाचा तत्त्वज्ञ मिखाईल सुस्लॉव्ह त्याला भेटला. आपण कादंबरी वाचलेली नाही, हे त्यानं कबूल केलं आणि तरी ती निदान दोनशे वर्षं छापता येणार नाही असा निकाल दिला. १९६४ मध्ये ग्रॉसमन कॅन्सरनं गेला. त्यानं मित्राकडे लपवलेली एक प्रत मायक्रोफिल्मवर उतरवून सीमेपार नेण्यात आली आणि १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पुस्तक निघालं. रशियात ते १९८८ मध्ये छापलं गेलं. जप्त केलेले कागद गुप्तचर खात्यानं सरकारी साहित्य अभिलेखागाराकडे सोपवले ते २०१३ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी.