ज्यूंना लपवणारी घरे आणि त्यांचे शेजारी

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली, हे आपण शाळेत शिकतो. ॲन फ्रँकची डायरीही अनेकांनी वाचलेली असते. पण ज्या साध्या शेतकरी-कामगार कुटुंबांनी ज्यूंना आपल्या घरात ठेवून घेतले, त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. इस्रायलच्या 'याद वाशेम' या संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या २८ हजारांहून अधिक बिगर-ज्यू माणसांचा नावानिशी सन्मान केला आहे. त्यांत अशी कितीतरी कुटुंबे आहेत.

लपवणे म्हणजे एका रात्रीचे धाडस, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते कित्येकदा दोन-अडीच वर्षांचे घरकाम होते. नेदरलँड्समध्ये धान्य रेशनकार्डावर मिळे आणि लपलेल्या माणसाकडे वापरता येईल असे कार्ड नसे. म्हणून भूमिगत गटांना रेशन कार्यालयांवर धाडी घालून कार्डे पळवावी लागत. घरात चार माणसे आणि दोरीवर आठ जणांचे कपडे, एवढ्यावरूनही संशय येई. नेहमीपेक्षा जास्त पाव घेणे, रात्रीचा खोकला, शौचाची बादली, आजारपणात डॉक्टर न बोलावता येणे, लहान मुलाने शाळेत काही बोलून जाणे, या सगळ्यातून रोज वाट काढावी लागे. हे काम बहुतांशी बायकांच्या वाट्याला आले. नाव मात्र पुष्कळदा घरच्या पुरुषाचे झाले, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

आणि धोका जर्मन सैनिकाइतकाच शेजाऱ्याचाही होता. सैनिकाला गावातली घरे ठाऊक नसत, शेजाऱ्याला असत. नेदरलँड्सच्या द्रेन्ते प्रांतातील निउलांदे या लहान गावाने यावर साधा उपाय काढला. १९४२-४३ मध्ये गावकऱ्यांनी ठरवले, की प्रत्येक घराने एक ज्यू कुटुंब किंवा निदान एक ज्यू व्यक्ती ठेवून घ्यायची. सगळेच गुंतलेले असल्यावर कोण कोणाची चहाडी करणार? ज्या देशात सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले, तिथे हे घडले.

पोलंडमध्ये परिस्थिती अधिक क्रूर होती. ऑक्टोबर १९४१ च्या हुकुमानुसार ज्यूंना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. मार्कोवा गावातील युझेफ आणि विक्तोरिया उल्मा यांनी तरीही आठ ज्यूंना घरात घेतले. युझेफ फळबागा लावणारे, मधमाश्या पाळणारे, हौसेने फोटो काढणारे शेतकरी होते. घरात सहा मुले होती, थोरली सात वर्षांची. या ज्यूंपैकी एका कुटुंबाला आधी एका पोलीस शिपायाने आसरा दिला होता आणि नंतर घराबाहेर काढले होते. त्यांची मालमत्ता त्याच्याचकडे राहिली होती. खबर त्यानेच दिली, असे मानले जाते. २४ मार्च १९४४ च्या पहाटे जर्मन पोलिसांनी आधी आठही ज्यूंना गोळ्या घातल्या, मग युझेफ आणि गरोदर विक्तोरिया यांना आणि शेवटी सहाही मुलांना.

याच मार्कोवात डिसेंबर १९४२ मध्ये काही गावकऱ्यांनी लपलेल्या ज्यूंना हुडकून पकडून दिले होते. आणि याच मार्कोवात उल्मा कुटुंबाच्या हत्येनंतरही दुसऱ्या काही घरांनी आपल्याकडचे ज्यू बाहेर काढले नाहीत. एखाद्या गावाला सरसकट चांगले किंवा वाईट ठरवणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

मग ही माणसे वेगळी कशामुळे होती? समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल ओलिनर यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा माग काढला. बारा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब मारले गेले आणि बाल्विना पिएत्सुख या शेतकरी बाईने त्यांना वाचवले होते. पत्नी पर्ल यांच्यासह त्यांनी अशा चारशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षण, श्रीमंती किंवा धर्मनिष्ठा यांपैकी एकट्या कशानेही उत्तर मिळत नव्हते. फरक दिसला तो संगोपनात. या घरांत मुलांना मारण्यापेक्षा समजावून सांगण्यावर भर होता आणि आपल्या गटाबाहेरची माणसेही आपलीच, हे त्यांनी आई-वडिलांच्या वागण्यातून पाहिले होते. आणखी एक गोष्ट मला समाजकार्यात रोज उपयोगी पडते: यातल्या बहुतेकांनी पहिली मदत केली ती कोणीतरी दारात येऊन मागितल्यावर.

युद्ध संपले तरी शेजाऱ्यांची भीती संपली नाही. पोलंडमधल्या यानचेव्को गावात अँतोनिना आणि अलेक्सांदर विजिकोव्स्की यांनी सात ज्यूंना गोठ्याखाली खोदलेल्या जागेत दोन वर्षांहून अधिक काळ जगवले. जानेवारी १९४५ मध्ये जर्मन गेले आणि ते सातही जण जिवंत बाहेर आले. त्यानंतर थोड्याच काळात ज्यूंना वाचवले म्हणून काही पोलिश माणसांनी अँतोनिनाला मारहाण केली. या जोडप्याला घर, शेत सोडून गावातून निघून जावे लागले.