बर्फाच्या मुलखातील घरगुती विमान कंपनी आणि वजनाचा काटा

कॅनडाच्या उत्तरेकडील नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे, पण वस्ती मात्र पन्नास हजारांच्या आत. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसे, आणि तीही शेकडो मैलांत विखुरलेली. मॅकेन्झी नदीच्या काठी तुलिता, फोर्ट गुड होप, नॉर्मन वेल्स ही गावे आहेत, तर ग्रेट बेअर सरोवराच्या काठी देलिने. तिथे बारमाही रस्ता जात नाही. उन्हाळ्यात नदीतून मालाचे तराफे येतात, थंडीत गोठलेल्या जमिनीवरून व बर्फावरून ट्रक चालतात, आणि मधल्या काळात दूध, अंडी, औषधे, गाड्यांचे सुटे भाग, सारे काही विमानाने. अशा मुलखात मॅकब्रायन कुटुंबाची बफेलो एअरवेज ही कंपनी पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना तिची हकीकत कामाची वाटेल.

तिकडे वाहतुकीला काय मोल आहे, हे एका उदाहरणाने कळेल. २०१० मध्ये इनुविक या उत्तरेकडील गावातल्या मुसलमानांना मशीद हवी होती. गावात बांधायची तर मजुरी आणि सामान दोन्ही परवडेना. म्हणून विनिपेगमध्ये तयार इमारत बांधून घेतली, ट्रकवर लादून हे रिव्हर बंदरापर्यंत आणली आणि तेथून तराफ्यावर चढवून मॅकेन्झी नदीतून खाली नेली. चार हजार किलोमीटरहून लांबचा हा प्रवास. नदी गोठण्याआधीची शेवटची फेरी चुकली असती, तर इमारत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अडकली असती. तिकडे मालाची किंमत मालाने ठरत नाही, तो पोहोचण्याने ठरते.

बफेलो कंपनी १९७० मध्ये सुरू झाली. तिचे मालक जो मॅकब्रायन स्वतः वैमानिक. हे रिव्हर हे गाव ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिण काठी, तर राजधानी यलोनाइफ उत्तर काठी. रस्त्याने सरोवराला वळसा घालून सुमारे पावणेपाचशे किलोमीटर, विमानाने पाऊण तासाच्या आसपास. ही रोजची फेरी मालक वर्षानुवर्षे स्वतः मारत असत. एक मुलगा मायकी व्यवस्थापन पाहणारा, दुसरा रॉड वर्कशॉप सांभाळणारा. पेढीवर बाप, आत मुलगे. हे चित्र आमच्या वाचकांना नवे नाही. २००९ ते २०१४ या काळात या कंपनीवर दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि ती जगभर माहीत झाली.

तिची खरी ओळख म्हणजे जुनी विमाने. डग्लस डीसी-३ हे विमान प्रथम १९३५ मध्ये उडाले. आपले वडीलधारे ज्याला ‘डाकोटा’ म्हणत, तेच हे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही प्रवासी आणि माल वाहण्याचे काम याच यंत्राने केले. त्याच्या जोडीला कर्टिस सी-४६, ते जवळजवळ दुप्पट माल उचलते. दोन्ही विमाने महायुद्धाच्या काळातली. लोक म्हणत, हा भंगाराचा शौक आहे. आम्हाला यात शौकापेक्षा हिशेब जास्त दिसतो. नवे विमान घ्यायचे तर कर्जाचे हप्ते दर महिन्याला येतात, मग माल असो वा नसो. जुने विमान घरचे असते, उभे राहिले तरी हप्ता मागत नाही. आमच्याकडील ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स वाचकांना आठवत असेल. १९९२ मध्ये केरळच्या एका मुस्लिम कुटुंबाने ती मुंबईतून सुरू केली. बोइंग विमाने भाड्याने घेतलेली. १९९५ मध्ये तिचे प्रमुख तकीउद्दीन वाहिद यांचा खून झाला आणि पुढच्या वर्षी कंपनी बंद पडली. दोन्ही धंद्यांची जात वेगळी, तुलना ताणू नये. पण भाड्याचे यंत्र आणि मालकीचे यंत्र यांतला फरक व्यापाऱ्याने ओळखावा.

मात्र जुने यंत्र स्वस्त असते ते घेताना. चालवताना ते कारागिराचे हात मागते. उणे चाळीस अंशांच्या थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते. इंजिनावर रजया पांघरायच्या, हीटरने गरम हवा सोडायची, तेव्हा कुठे पंखा फिरतो. डीसी-३ च्या एकेका इंजिनाला १४ सिलिंडर, सी-४६ च्या इंजिनाला १८. बाजारात सुटे भाग मिळेनासे झालेले, म्हणून एक विमान उघडून दुसरे उभे करायचे. त्यात इंजिनाला लागणारे पेट्रोल महाग, उत्तरेत तर दुर्मिळ. आणि परतीची फेरी बहुतेक रिकामी! ट्रकवाल्या बंधूंना हे समजावून सांगायला नको. नव्या वैमानिकाला इथे थेट विमान मिळत नसे. आधी बरेच दिवस पोती उचलायची, माल लादायचा, बर्फ झाडायचा, मग पाळी. उस्ताद-शागिर्दीची ही रीत आपल्या कारखान्यांतून उठत चालली आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. १९ ऑगस्ट २०१३ रोजी यलोनाइफहून हे रिव्हरला निघालेल्या डीसी-३ च्या उजव्या इंजिनाने उड्डाणानंतर लगेच पेट घेतला. आत २१ प्रवासी आणि तिघे कर्मचारी. वैमानिकाने ते इंजिन बंद केले, पण बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत पूर्ण वळली नाहीत, त्यामुळे विमानाला मागे ओढ लागली. वळून परत येताना ते झाडांना घासले आणि धावपट्टीच्या अलीकडे पोटावर उतरले. एकालाही इजा झाली नाही, हे नशीब. सरकारी चौकशी मंडळाला एका सिलिंडरमध्ये थकव्याने पडलेली भेग सापडली. पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती. उड्डाणापूर्वी वजनाचा नेमका हिशेब झालेला नव्हता आणि विमान परवानगीपेक्षा जड होते. कंपनीची सुरक्षा-व्यवस्था कुचकामी ठरली, आणि देखरेख करणारे सरकारी खातेही कमी पडले, असे मंडळाने नोंदवले.

भेग डोळ्यांना दिसत नाही, ती कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. काटा मात्र समोर असतो. वर्षानुवर्षे तीच फेरी मारणाऱ्या माणसाला ‘अंदाजाने ठीक आहे’ म्हणण्याची सवय लागते. घरच्या धंद्यात मालकाला टोकणार कोण? नोकर बोलत नाही आणि मुलगा अदबीने गप्प बसतो. आमच्या मते, घरगुती पेढीचे बळ जिथे असते तिथेच तिची ही खोटही असते.

पुढे २५ सप्टेंबर २०१५ रोजी सी-४६ ला इंजिनाच्या बिघाडामुळे देलिने येथे चाके न काढता उतरावे लागले आणि ते विमान कायमचे निकामी झाले, माणसे वाचली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने कंपनीचा उड्डाण-परवानाच रोखला. गिऱ्हाइकांचा माल अडू नये म्हणून कंपनीने दुसऱ्यांची विमाने लावली. जानेवारी २०१६ मध्ये परवाना परत मिळाला. डीसी-३ ची ती रोजची प्रवासी फेरी आता इतिहासजमा झाली आहे. तिचे एक कारण आधीच उभे राहिले होते असे आम्हाला वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मॅकेन्झी नदीवर देह चो पूल झाला. पूर्वी उन्हाळ्यात तिथे फेरीबोट आणि थंडीत बर्फाचा रस्ता असे. बर्फ धरताना व फुटताना वाट बंद पडे आणि यलोनाइफचा ताजा माल विमानाने येई. पुलाने तो मोसमच संपवला.

कंपनी मात्र संपली नाही. वणवे विझवण्याचे काम, पार्सल, इंधन आणि माल यांवर तिने भर दिला. अलीकडे तिच्या ताफ्यात बोइंग ७३७-३०० हे मालवाहू जेटही आले आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात मॅकेन्झीचे पाणी इतके आटले की नॉर्मन वेल्स आणि तुलिताकडे जाणारे तराफे रद्द झाले. इंधनासह सारे सामान विमानाने आणावे लागले, भाव भडकले आणि नॉर्मन वेल्सने महागाईपायी आणीबाणी पुकारली. नॉर्मन वेल्सला जेट उतरते. तुलिता आणि फोर्ट गुड होपच्या धावपट्ट्या मात्र खडीच्या आणि आखूड आहेत. तिथे आजही लहान किंवा जुन्या पंख्याच्या विमानानेच माल न्यावा लागतो.