दिवाळीचा पैसा मृगापर्यंत

मे महिन्याच्या शेवटी उमरेडच्या आसपासच्या एखाद्या गावात गेलात, तर कुणाच्या तरी पडवीत सावलीला ओल्या गोणपाटाची गुंडाळी दिसेल. येताजाता घरातलं कुणीतरी त्यावर पाण्याचा हबका मारतं. आत सोयाबीनचे मोजून शंभर दाणे असतात. पाच-सात दिवसांनी गोणपाट उलगडायचं आणि मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर घरचं बियाणं पेरायला चांगलं. थोडे कमी असतील तर एकरी बी वाढवायचं. अगदीच कमी निघाले तर दुकानाची वाट धरायची.

सोयाबीनचे वाण सरळ असतात. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणं आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचंच बी पेरता येतं, हे कृषी विभागही सांगत असतो. संकरित कपाशीला ही सोय नाही, तिथे दरसाल नवं पाकीट घ्यावं लागतं. पण घरचं बी हवं असेल तर ऑक्टोबरात सगळा माल बाजाराला निघालेला असतानाच दोन पोती बाजूला काढावी लागतात. सोयाबीनची साल नाजूक असते. पोत्यांची थप्पी उंच लावली तर उगवण बिघडते, ओल लागली तरी बिघडते. म्हणजे सात-आठ महिने त्या पोत्यांना जपायचं. मधल्या काळात लग्न येतं, दुखणं येतं, पाहुणे येतात. पोती डोळ्यांसमोर असतात आणि भाव बरा असतो. तरी ती विकायची नाहीत.

कमाईपेक्षा कमी खर्च करणं म्हणजे काय, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. काटकसर म्हटलं की आपल्याला चहात मोजून साखर टाकणारा माणूस आठवतो. उमरेडमध्ये घरखर्चाचं गणित पाहिलं तर 'किती' या प्रश्नाइतकाच 'कधी' हा प्रश्न मोठा निघतो. पैसा येतो एका महिन्यात आणि लागतो भलत्याच महिन्यात. मधलं अंतर ज्याला चालता येतं, त्याच्या घरात शिल्लक राहते.

एक गाव, तीन पगारतारखा

नागपूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या या तालुक्याला काळी माती आणि काळा कोळसा असे दोन पोशिंदे आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उमरेड, मकरधोकडा इथल्या खुल्या खाणींतल्या कायम कामगाराचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. शेतकऱ्याचा हिशेब हंगामाचा: सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस वेचणीप्रमाणे हिवाळाभर, गहू-हरभरा उन्हाळ्याच्या तोंडाशी. भिवापूरकडे मिरची आहे, तिचंही आपलं वेगळं वेळापत्रक. तिसरा आहे मजूर. त्याचा चुकारा रोजच्या रोज किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो, आणि कामाचा खाडा पडला की तोही नाही.

या तिघांच्या अडचणी तीन तऱ्हेच्या. पगारदाराला दरमहा थोडी शिल्लक टाकता येते, पण दरमहा पैसा येणारच या भरवशावर तो हप्तेही लावून घेतो. शेतकऱ्याच्या हाती एकदम मोठी रक्कम पडते, ती डोळ्यांना खरी असते त्याहून मोठी दिसते. मजुराकडे मोठी रक्कम कधी जमतच नाही.

त्यात दसऱ्याला एक गंमत होते. वेस्टर्न कोलफिल्ड्ससह कोल इंडियाच्या कायम कामगारांना दरवर्षी सणाच्या तोंडावर एकरकमी बोनस मिळतो. २०२४मध्ये तो ९३,७५० रुपये होता, २०२५मध्ये १,०३,००० रुपये. त्याच सुमारास सोयाबीनचे पैसे गावात येतात. दोन्ही प्रवाह एकाच पंधरवड्यात बाजारपेठेत मिळतात. मोटरसायकल, मोबाईल, टीव्ही विकणाऱ्यांना ही तारीख पाठ असते आणि फलक आधीच लागलेले असतात.

जूनमध्ये याच्या अगदी उलट असतं. मृग लागला की बी-बियाणं, खत, फवारणीची सोय बघावी लागते. पावसाआधी कवेलू फेरायचे असतात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा वह्या-गणवेश-फी पुन्हा त्याच महिन्यात. आणि शेतातून रुपया यायला अजून चार-पाच महिने.

मधल्या अंतराचं भाडं

हे चार-पाच महिने उधारीवर काढले तर काय होतं, ते मांडून पाहू. समजा, जूनमध्ये पेरणीसाठी वीस हजार रुपये शेकडा तीनने घेतले. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याचे तीन, वर्षाचे छत्तीस. कानाला 'तीन' ऐकू येतं, छत्तीस येत नाही. पाच महिन्यांनी सोयाबीन विकून फेड केली तर व्याज तीन हजार. शेकडा पाच असेल तर पाच हजार. दिवाळीत वीस हजार बाजूला ठेवणाऱ्या शेतकऱ्याने हे तीन ते पाच हजार, एका अर्थाने, कमावलेच. पाच महिन्यांत पंधरा ते पंचवीस टक्के परतावा देणारी ठेव कुठल्याच बँकेत नाही. परवानाधारक सावकाराच्या व्याजावर २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली मर्यादा आहे, पण घाईच्या दिवसांत घेतलेल्या पैशाला बहुतेक वेळा कागदच नसतो.

पीक कर्जातही तारखेलाच महत्त्व. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की ती सवलत गेली, वर थकबाकीदार म्हणून पुढच्या हंगामाला बँकेचं दार बंद. मग पुन्हा शेकड्याचा रस्ता. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याचे पैसे आले की आधी बँकेचा भरणा करणारे लोक कंजूष नसतात. ते पुढच्या जूनची सोय करत असतात.

गळती कुठे आहे

केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि त्यातला सुमारे ४७ टक्के खाण्यावर. खाण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा, एकूण खर्चाच्या जवळपास दहा टक्के. दुधावरच्या खर्चापेक्षाही तो जास्त. मुंगवड्या, कुरड्या, सांडगी मिरच्या उन्हाळ्यात घालून वर्षभर पुरवणाऱ्या मुलखात पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी किती जागा घेतली, ते किराणा दुकानाच्या दारावर लटकणाऱ्या माळांवरून कळतं. पाच रुपये कुणी वहीत लिहीत नाही. रोजच्या तीन पुड्या वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास जातात.

मोठी गळती हप्त्यांची. इथे मोटरसायकलला लगेच चैन म्हणून नावं ठेवू नयेत. नागपूरला जाणारी नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९मध्ये बंद झाली. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, पण रात्रपाळीहून परतणाऱ्याला किंवा शेतावरच्या मजुराला दुचाकीच लागते. प्रश्न हप्ता कसा सांगितला जातो याचा आहे. 'दहा टक्के फ्लॅट' म्हणजे साठ हजारांवर दोन वर्षांत बारा हजार व्याज, महिन्याचा हप्ता तीन हजार. पण मुद्दल तर दरमहा कमी होत असते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर लागलेलं असतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजलं तर हाच दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. सही करण्याआधी एवढं विचारावं: व्याज घटत्या शिलकीवर आहे का?

तिसरी गळती मांडवाची. विदर्भाने या विषयावर जितकं ऐकलं तितकं क्वचित कुणी ऐकलं असेल. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत विचारत कर्ज काढून सण आणि लग्न करण्यावर आसूड ओढत. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीचा समाचार घेतला आणि सामुदायिक विवाहांचा पुरस्कार केला. दोघांचाही रोख एका गोष्टीवर होता. मांडवातला खर्च घरच्या इच्छेने कमी होतो आणि लोकांच्या धाकाने जास्त. म्हणून तो एकट्या घराने कमी करणं अवघड असतं, चार घरांनी मिळून ठरवलं तर सोपं जातं.

पैशाला कुलूप

'पैसा घरात राह्यला का पाय फुटते त्याले,' असं इकडे म्हणतात. हे स्वभावाचं वर्णन वाटतं, पण त्यात व्यवहाराचं शहाणपण आहे. आलेला पैसा लगेच हाताबाहेर जाईल, पण हवा तेव्हा परत येईल, अशी जागा शोधायची.

पोस्टाच्या आरडीचं काम नेमकं हेच. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ साली सुरू झाली, तेव्हापासून गल्लोगल्ली फिरून आरडी गोळा करणाऱ्या बाया हा छोट्या गावांचा ओळखीचा देखावा आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत रबर लावलेला पासबुकांचा गठ्ठा, आणि पगाराच्या आठवड्यात दारात हाक. त्यांचं कमिशन सरकार देतं, खातेदाराला काही द्यावं लागत नाही. महिन्याला शंभर रुपयांपासून खातं उघडतं, मुदत पाच वर्षांची. ६.७ टक्के व्याजाने महिना ५०० रुपये टाकले तर पाच वर्षांत तीस हजारांचे सुमारे ३५,७०० होतात. हा काही मोठा लाभ नव्हे. एक वर्ष हप्ते नियमित भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, ही सोय मात्र जूनमध्ये मोलाची. फक्त एक करावं: दर महिन्याची नोंद आणि पोस्टाचा शिक्का आपल्या पासबुकात आपण पाहावा.

बचत गटाची तऱ्हा वेगळी. दहा ते वीस बायका, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, गटातच कर्ज, वेळेवर परतफेड, सर्वांसमोर वाचलेला हिशेब. बहुतेक गटांत अंतर्गत कर्जाचं व्याज शेकडा एक-दोन असतं आणि ते गटातच फिरतं. बाहेर गेलेलं व्याज परत येत नाही, गटातलं येतं. शिवाय कुणाच्या घरी जूनमध्ये काय अडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ऑगस्ट २०२४पासून राज्याच्या 'लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार अनेकींच्या खात्यात येऊ लागले. त्यातले पाचशे जरी गटात किंवा आरडीत वळले, तरी ती रक्कम तिच्या नावाची शिल्लक होते.

कुलूप लावताना दार पारखून घ्यावं. बँकेतल्या ठेवींना फेब्रुवारी २०२०पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ते सहकारी बँकांनाही लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. नागपूर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २००२ साली जिल्हा मध्यवर्ती बँकेतला सरकारी रोख्यांचा घोटाळा उघड झाला, तेव्हा शेतकऱ्यांची हक्काची बँकच अडचणीत आली. दोन टक्के जादा व्याजासाठी सगळी पुंजी एकाच संस्थेत टाकणं ही काटकसर नव्हे.

जिथे काटकसर अपुरी पडते

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजू लपवणं बरं नाही. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात माल बराच काळ त्याखाली विकला गेला. भावातली तूट पुड्या बंद करून भरून निघत नाही. ऐन काढणीत पाऊस आला, घरात मोठं दुखणं आलं, कंत्राटी कामगाराचं काम सुटलं, तर वर्षांची शिस्त एका महिन्यात संपते. कमाईच अपुरी असलेल्या माणसाला काटकसरीचा उपदेश करणं सोपं असतं आणि बहुधा तो पोट भरलेलाच करतो. रोजच्या चुकाऱ्यावर जगणाऱ्या बाईला पैशाचा हिशेब आपल्यापेक्षा नीट येत असतो, कारण चुकायची तिला परवानगी नसते.

पण कमाई हाती पडण्याचा एक पंधरवडा दरवर्षी येतो, आणि तो पुढच्या मृगाशी बांधलेला असतो. दसऱ्याला कागदावर तीन आकडे मांडता येतात: बियाणं-खताचा, शाळेचा आणि बँकेच्या भरण्याचा. ते आधी बाजूला काढायचे आणि उरल्यात दिवाळी करायची. उरलेलं कमी असेल तर दिवाळी लहान होईल, पण ती आपल्या पैशाची असेल.

पडवीतलं गोणपाट उलगडलं जातं तेव्हा घरातली लहान पोरं मोजायला बसतात. मोड आलेले दाणे एका बाजूला, न आलेले दुसऱ्या बाजूला. ऐंशी-ब्याऐंशी निघाले की बाप काही बोलत नाही. गोणपाट झटकून वाळत घालतो आणि पोत्याचं तोंड पुन्हा बांधून ठेवतो, पाऊस येईपर्यंत.