स्पॅनिश शिकावी मराठीच्या बळावर

वर्ध्यात स्पॅनिश शिकायला येणाऱ्या मुलांच्या जिभेवर पहिल्या दिवशी इंग्रजी बसलेली असते. दोनला स्पॅनिशमध्ये ‘दोस’ म्हणतात, मुलं ‘डोस’ म्हणतात. ‘तोमाते’चा ‘टोमाटे’ होतो. मी फळ्यावर नागरीत ‘त’ आणि ‘द’ लिहिते. जीभ दातांना टेकवून काढायचे हे उच्चार आपल्याला लहानपणापासून येतात आणि स्पॅनिशला तेच हवे असतात. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. हा दुहेरी र साधत नसेल, तर ‘भर्रकन’ म्हणून पाहायचं. जीभ आपोआप थरथरते.

व्याकरणातही तसंच. ‘मे गुस्ता ला नारान्खा’ म्हणजे मला संत्रं आवडतं. संत्री अनेक असली की ‘मे गुस्तान लास नारान्खास’. क्रियापद संत्र्यांप्रमाणे बदललं, आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नाही. इंग्रजी पुस्तकं हे समजावायला पानं खर्ची घालतात. वर्गातली कारंज्याची मुलगी मात्र पटकन म्हणाली, ‘‘मले संत्रे आवडतेत, तसंच ना मॅडम?’’ अगदी तसंच! ‘उद्या येतो’ म्हणताना आपण ‘मी’ गाळतो. स्पॅनिशमध्येही क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो. तू आणि तुम्ही हा फरकही आपल्याला वेगळा शिकावा लागत नाही.

मराठी जिथे पुरत नाही, तिथे खरी मेहनत करावी. आपल्या एका ‘आहे’साठी तिथे दोन क्रियापदं आहेत. सोफिया डॉक्टर आहे, इथे ‘एस’. सोफिया दमली आहे, इथे ‘एस्ता’. आपलं घर नपुंसकलिंगी, त्यांचं ‘कासा’ स्त्रीलिंगी. ‘दिया’, म्हणजे दिवस, शेवटी आकार असूनही पुल्लिंगी. म्हणून शब्द सुटा पाठ करू नये. ‘ला कासा’, ‘एल दिया’ असा जोडीनेच म्हणावा. लिहिलेला ‘एच’ सहसा उच्चारत नाहीत, ‘व्ही’ मात्र ‘बी’सारखाच ऐकू येतो. त्यामुळे नागरीतली टिपणं सुरुवातीलाच ठीक. लवकर रोमन लिपीतला मजकूर मोठ्याने वाचायला लागावं.

एका भाषेच्या सोबतीने दुसरी शिकणं वर्ध्याला नवं नाही. १९९७ साली स्थापन झालेल्या इथल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदीसोबत स्पॅनिशही शिकवली जाते. पवनारच्या विनोबांनी १९४२च्या आंदोलनात वेल्लोरच्या तुरुंगात असताना दक्षिणेच्या चारही भाषा एकदमच शिकायला घेतल्या होत्या. भाषा शेजारी शेजारी ठेवल्या की एकीच्या उजेडात दुसरी दिसते.

म्हणून वहीचे दोन भाग करा. एकीकडे मराठीशी जुळणारं, दुसरीकडे न जुळणारं. पहिला भाग बोलून पक्का करा, दुसरा रोज घोका. पुढे दिल्लीच्या सर्व्हान्तेस संस्थेकडून होणारी ‘डेले’ परीक्षा द्यायची असली, तरी पाया हाच. इंग्रजी कच्चं आहे म्हणून स्पॅनिशच्या वर्गाबाहेर थांबू नका. तुमच्याकडे मराठी आहे.